पट्टीवरची परकी गाठ

भाद्रपदातल्या एका सोमवारी सकाळी तार आली. माझी पत्नी गोदावरी तिच्या भावाच्या गावी पटकीने वारली. मी संध्याकाळी पोहोचलो. दहन झाले होते. भावाने माझ्या हातात एक पुरचुंडी दिली. तिच्यात चांदीची जोडवी होती.

या गोष्टीला आता वर्ष होत आले. या अंकाच्या संपादकांनी दवाखान्यातल्या नोकरीविषयी लिहायला सांगितले, तेव्हा आधी मी नाही म्हटले. हल्ली लिहायला बसलो की चार ओळी होईपर्यंत दिवेलागण होते. पण त्या नोकरीतला एक प्रसंग असा आहे की तो गोदाला वगळून सांगताच येत नाही. तेवढा सांगतो.

सोलापुरातल्या एका डोळ्यांच्या दवाखान्यात मी ड्रेसर होतो. शस्त्रक्रिया डॉक्टर करतात. ती आटोपली की रोगी ड्रेसरच्या ताब्यात येतो. पट्टी सोडायची, डोळा धुवायचा, औषध घालायचे, पुन्हा पट्टी बांधायची. बाहेरच्यांना वाटते हे हाताचे काम आहे. खरे म्हणजे ते संशयाचे काम आहे. पट्टी सोडण्याच्या आधी ड्रेसरने ती नीट न्याहाळायची असते. हिला कोणी हात लावला आहे का? कडेला तेलाचा डाग आहे का? मधाचा चिकटपणा? तुरटीची पांढरी पूड? रोगी मुद्दाम खोटे बोलतो असे नाही. जखम भरू लागली की डोळा खाजतो, आणि माणसाचा हात त्याला न विचारता वर जातो. मग घरची माणसे असतात. प्रत्येकाच्या घरी डोळ्याचे एक तरी खात्रीचे औषध असतेच.

आमच्याकडे वडसाचे रोगी फार. वडस म्हणजे डोळ्याच्या पांढऱ्या भागावर नाकाच्या बाजूने वाढणारे पातळ मांस. माशीच्या पंखासारखा त्याचा आकार असतो आणि टोक काळ्या बुबुळाकडे सरकत जाते. उन्हात, धुळीत आणि भट्टीपुढे राबणाऱ्यांना ते अधिक होते, म्हणजे सोलापूरच्या निम्म्या लोकांना. बरीच वर्षे ते नुसते दिसते, त्रास देत नाही. टोक बाहुलीपर्यंत आले की मात्र दृष्टी झाकते. तेव्हा ते काढावे लागते.

काढायला वेळ लागत नाही. डोळ्यात थेंब टाकून तो बधिर करायचा, मांस चिमट्याने उचलायचे, कापायचे, रेशमाचे दोन टाके घालायचे. अवघड जाते ते पुढचे. एक डोळा हलला की दुसराही हलतो, म्हणून त्या काळी आम्ही दोन्ही डोळे बांधीत असू. धडधाकट माणूस आंधळ्यासारखा पडून राही. जेवताना दुसऱ्याने भरवायचे, परसाकडे जाताना दुसऱ्याने हात धरायचा. अशा माणसाला सगळ्याचा संशय येऊ लागतो. टाके टोचतात, डोळ्यात वाळू असल्यासारखे वाटते, आणि तो म्हणतो, डॉक्टर सुई आतच विसरले. एक पैलवान पट्टीचे कापड घरून घेऊन येई, कारण आमचे कापड आधी कोणाच्या डोळ्यावर होते कोण जाणे. एक कीर्तनकार दर तासाला विचारीत, माझी पगडी खुंटीवर आहे ना? ती त्यांच्या हाताला लावून दाखवावी लागे. या लोकांचे मन रमावे म्हणून मी दुपारी वर्तमानपत्र वाचून दाखवी. त्यावरून मला सगळे मास्तर म्हणत.

मल्लेशम आला तो उन्हाळा होता. शहराच्या पूर्वेकडच्या विणकरवस्तीतला हा माणूस लुगड्यांचे काठ विणी. त्याच्या उजव्या डोळ्यातला वडस बाहुलीला टेकला होता. डाव्यातला लहान होता, पण त्या डोळ्याला लहानपणी देवी आल्या होत्या आणि त्या डोळ्याने फार दिसत नसे. म्हणजे माग चालायचा तो उजव्याच्या जोरावर. तो गेला असता तर माग बंद. हे डॉक्टरांनी त्याच्या बायकोला, राजव्वाला, समोर बसवून सांगितले होते. तिने मान हलवली होती. घरी ते तेलुगू बोलत. राजव्वाचे मराठी तिच्या स्वतःच्या घडणीचे होते.

शेजारच्या खाटेवर बिरू नावाचा सांगोल्याकडचा धनगर होता. त्याचा उजवा डोळा आदल्याच दिवशी झाला होता, डावा व्हायचा होता. दोन्ही डोळे बांधलेले, पण तोंड मोकळे. दुधासाठी म्हणून त्याने एक शेळीही बरोबर आणली होती. ती आवारातल्या लिंबाखाली बांधलेली असे.

शस्त्रक्रियेच्या सकाळी राजव्वाने बिरूला विचारले, "आत काय करतात हो?"

"आत व्हय? डोळा काढत्यात, ताटलीत धुत्यात आन परत बशिवत्यात," बिरू म्हणाला. "न्हायच जमलं तर शेळीचा बशिवत्यात. म्हनून तर मी घरची आनलीया. परक्या शेळीचा कशाला?"

खोलीतले सगळे हसले. मीही हसलो. राजव्वा हसली की नाही हे मी पाहिले नाही.

मल्लेशमचे काम चांगले झाले. पहिल्या दिवशी मी पट्टी सोडली तेव्हा डोळा लाल होता, पण स्वच्छ होता. दुसऱ्या दिवशी सकाळी मी पट्टीच्या नाडीला हात घातला आणि थांबलो. गाठ माझी नव्हती.

प्रत्येक ड्रेसरची गाठ त्याची असते, जशी प्रत्येकाची सही. मी उजव्या कानाच्या वर बांधी आणि टोके डावीकडे खोचून ठेवी. ही गाठ ज्वारीच्या दाण्याएवढी होती आणि टोके जवळजवळ नव्हतीच. सोलापुरात राहणाऱ्याला ती ओळखायला वेळ लागत नाही. मागावर तुटलेला धागा जोडताना विणकर मारतो ती गाठ.

"मल्लेशम, पट्टी सोडली होतीस?"

"नाही, मास्तर."

"मग कोणी सोडली?"

"मला कसं दिसणार?" तो म्हणाला. हे बरोबर होते आणि म्हणूनच मला पटले नाही.

मी त्याचे हात मऊ कापडाने खाटेला बांधले. अशी आमच्याकडे पद्धत होती. दुसऱ्या दिवशी हात बांधलेलेच होते आणि गाठ पुन्हा ज्वारीच्या दाण्याएवढी. मग मी त्याच्या धाकट्या भावावर नजर ठेवली. भाऊ विणकर होता, बोलायला गोड होता आणि मल्लेशमचा माग त्याच्या मागापेक्षा चांगला होता. मला एवढे पुरेसे वाटले. पण तो गिरणीचा संध्याकाळचा भोंगा झाल्यावर येई, आणि मी पट्टी दिवसातून दोनदा पाहू लागल्यावर कळले की गाठ त्याच्या आधीच बदललेली असते. हे दुपारी घडत होते.

एव्हाना डोळ्याच्या कोपऱ्यात पू दिसू लागला होता. डॉक्टरांनी माझ्या हातांकडे पाहिले. त्यांचाही कोणावर तरी संशय होता.

बिरूने मला हाक मारली. "मास्तर, तुमी पेपर वाचून गेला की हितं कोनतरी येतं."

"कोण?"

"बाई हाय. जोडवी वाजत्यात फरशीवर. बांगड्या वाजत न्हाईत. वर सारून येती जनू."

"तुला नक्की ऐकू येतं?"

"आवो, अंधारात मेंढरू कुटलं कुटं गेलं ते मला पायावरनं कळतंय. आन बाई कळायची न्हाय व्हय?"

दुसऱ्या दिवशी वाचून झाल्यावर मी नेहमीप्रमाणे गेलो नाही. दाराला वाळ्याचा पडदा सोडलेला होता, त्याच्या बाहेर उभा राहिलो. उन्हाने सगळा दवाखाना गप्प होता. शहाबादी फरशीवर जोडव्यांचा बारीक आवाज आला. राजव्वा होती. तिने बांगड्या कोपरापर्यंत सारल्या होत्या. तिने गाठ सोडली, कापूस उचलला, बोटाने वरची पापणी उघडली आणि नवऱ्याचे तोंड खिडकीकडे वळवून त्या डोळ्यात पाहत राहिली. हातात काही नव्हते, मध नाही, तेल नाही. घातले काहीच नाही. डोळ्यात काहीबाही घालणारे नातेवाईक मी पुष्कळ पाहिले होते. नुसते पाहायला पट्टी सोडणारे कोणी पाहिले नव्हते.

"राजव्वा, काय चाललंय?"

ती दचकली नाही. "डोळा बघते."

"कशाला?"

"कोणाचं आहे ते."

मल्लेशम पडल्या पडल्या म्हणाला, "तिला बोलू नका, मास्तर. मीच बघ म्हटलं. मला आतून जड लागतं. दुसऱ्याची चप्पल घातल्यासारखं."

राजव्वाने कापूस परत ठेवला आणि माझ्याकडे वळली. "लग्नात मधला पडदा काढला, तेव्हा पहिलं ते वडसच दिसलं मला. तेव्हापासून तेच बघते. आता ते नाही. सगळं कोरं आहे. हे डोळा त्यांचं नाही."

"अवो बाई!" बिरू उठूनच बसला. "मी चेष्टा केली हुती!"

"मग तुमचं शेळी कुठं गेलं?"

हे खरे होते. लिंबाखाली शेळी नव्हती.

"मेव्हण्यानं गावाकडं न्हेली. आटली हुती ती."

"ह्यांचं डोळा केलं त्याच दिवशी?"

"आता शेळीनं काय पंचांग बगून आटायचं व्हय?" बिरू कळवळून म्हणाला. "हे बगा, शेळीची बाहुली आडवी असती. मानसाची गोल. सोडलीच हाय पट्टी तर बगून घ्या की. आडवी हाय का?"

राजव्वाने पुन्हा कापूस उचलला. मी थांबवायला हवे होते, पण मलाही तिचे उत्तर ऐकायचे होते.

"गोल आहे," ती म्हणाली.

"मंग झालं की!"

"माणसाचं आहे. दुसऱ्या माणसाचं."

खोलीत पुन्हा हशा पिकला. ती मात्र बांगड्या खाली घेत उभी राहिली.

डॉक्टरांना सांगणे भाग होते. ते चांगले शस्त्रवैद्य होते, पण त्यांना दोनदा सांगायची सवय नव्हती. "रोज मळक्या बोटांनी जखम उघडते आहे ही बाई. पू त्याचाच आहे. ही थांबली नाही तर डोळा जाईल," ते तिच्यासमोर मला म्हणाले. राजव्वाने ऐकून घेतले आणि सांगितले की उद्या सकाळी टांगा आणून ती नवऱ्याला घरी नेणार आहे. टाके डोळ्यातच होते. घरी सगळीकडे सुताची धूळ. मी भावाला समजावले, मल्लेशमला समजावले. मल्लेशम म्हणाला, "मला दिसत नाही, मास्तर. जिला दिसतं ती सांगते ते ऐकतो."

त्या संध्याकाळी मी जेवताना हे सगळे गोदाला सांगितले. ती मला दुपारचा डबा द्यायला येई, तेव्हा नळावर राजव्वाशी तिची ओळख झाली होती. मी म्हटले, अज्ञान म्हणजे काय ते आज पाहिले.

"डॉक्टरांनी कापलेलं मांस कुठं ठेवलं?" गोदाने विचारले.

"ठेवायचं कशाला? कापसाबरोबर भट्टीत जातं."

"तिनं पाहिलं होतं?"

"नाही."

"मग ती काय चुकीचं बोलते? आत नेलं तेव्हा एक डोळा होता, बाहेर आणला तेव्हा दुसराच दिसतो. मधलं तुम्ही सांगता तेवढंच."

"मी खोटं सांगतो का?"

"तुम्ही नाही हो. पण तुम्ही दवाखान्यातलेच ना." तिने मला भाकरी वाढली. "माझी दाढ काढली तेव्हा मी ती मागून घेतली होती. तुम्ही हसला होता. मी ती तुळशीत पुरली. आपलं होतं ते आपल्यापाशी आलं, एवढंच. उद्या त्या धनगराचा दुसरा डोळा आहे ना? तिला बघू द्या."

सकाळी टांगा आला तेव्हा मी डॉक्टरांच्या खोलीत होतो.

"शस्त्रक्रिया म्हणजे तमाशा आहे का?" ते म्हणाले.

"ती दारात उभी राहील. आत येणार नाही."

"किंचाळली म्हणजे?"

"ती किंचाळणारी बाई नाही, साहेब. ती बघणारी आहे."

ते काही वेळ हात धूत राहिले. मग म्हणाले, रोग्याची हरकत नसेल तर.

बिरूच्या उजव्या डोळ्याचे टाके निघाले होते. त्या एका डोळ्याने त्याने राजव्वाकडे पाहिले. "बगू दे की. माज्या डोळ्यात हाय काय लपवायला? पर डॉक्टर, शेळी न्हाय बरं का आता. संबाळून."

राजव्वा दारात पदर खोचून उभी राहिली. थेंब टाकले. बिरूला दुखत नाही हे पाहून तिने माझ्याकडे शंकेने पाहिले. डॉक्टरांनी चिमट्याने मांस उचलले आणि कापले. मी बशी पुढे धरली होती. तुकडा तिच्यात पडला. मी तो दारापाशी नेला.

ती वाकून पाहू लागली. माशीचा पंख ओला करून ठेवावा एवढाच तो होता.

"एवढंच?"

"एवढंच."

"एवढ्याचं इतकं?"

टाके घातल्यावर, पट्टीच्या आधी, डॉक्टरांनी स्वतः दिवा उचलून धरला. मला हे अपेक्षित नव्हते. "या बाई, बघून घ्या. लांबून." राजव्वाने पाहिले. वडस होता ती जागा लाल आणि कोरी दिसत होती.

"असंच ह्यांचं दिसतंय," ती म्हणाली.

"झालं का बगून?" बिरूने विचारले. "का उजवाबी काडून दावू?"

राजव्वाने टांगा परत पाठवला. मात्र तिची एक अट होती. पुढे मल्लेशमचा डावा डोळा करायची वेळ आली तर ती दारात उभी राहणार आणि तुकडा तिला मिळाला पाहिजे. डॉक्टरांनी मान्य केले. त्यानंतर मल्लेशमच्या पट्टीवर माझी गाठ टिकू लागली. तरी मी रोज दुपारी पडद्याबाहेरून एकदा पाहून जाई. सवय सुटत नाही. शेक आणि धुणे करून पू हटला, टाके निघाले. बुबुळाच्या कडेला एक पांढुरका डाग राहिला, पण बाहुली वाचली. पावसाळ्यात मल्लेशम पुन्हा मागावर बसला.

बिरूचा तुकडा त्यालाच द्यावा म्हणून मी स्पिरिटच्या बाटलीत ठेवला होता. तो म्हणाला, "मला काय करायचाय? तुमीच ठेवा. कुनी शेळीचं नाव काडलं तर दावा." पुढे खरोखरच ती बाटली तशा कामी आली. वडसाचा रोगी आला की मी ती त्याच्या घरच्यांपुढे धरी. मग डॉक्टरांनीच नियम केला की ज्याचा तुकडा त्याला, मागितला तर. बहुतेक जण मागत.

डावा डोळा पुढल्या हिवाळ्यात झाला. राजव्वा दारात होती. तुकडा तिने पदराच्या टोकाला बांधून नेला. त्यानंतर काही वर्षांनी ती मुलीच्या लग्नाचे बोलावणे घेऊन आमच्या घरी आली. मल्लेशमच्या हातचे लुगडे गोदासाठी आणले होते. मी गमतीने विचारले, "काय राजव्वा, आता तरी दोन्ही डोळे त्यांचेच ना?"

ती जरा विचारात पडली. "डावा त्यांचंच. मी बघितलं. उजव्याचं मला माहीत नाही." मग म्हणाली, "पण काम चांगलं करतो. मी काही बोलत नाही त्याला."

ती गेल्यावर मी पोट धरून हसलो. गोदा हसली नाही. लुगड्याची घडी घालत म्हणाली, "तिला एकदा नाही दाखवलं तुम्ही. ते आता कुठून आणणार?"

गोदाचा भाऊ सांगतो की रविवारी सकाळी उलट्या सुरू झाल्या आणि दिवस मावळायच्या आत सगळे आटोपले. साथ असल्यामुळे थांबता आले नाही. ती दोनदा माझे नाव घेऊन काही म्हणाली, पण काय ते कोणाला कळले नाही. शेजारचेही हेच सांगतात. ते खोटे बोलतात असे मानायला मला काहीही कारण नाही. मधले ते सांगतात तेवढेच.

जोडवी खालून झिजलेली आहेत. मी ती पुष्कळदा हातात घेऊन पाहिली. आयुष्यभर लोकांच्या पट्ट्यांवरच्या गाठी ओळखल्या, पण बायकोच्या पायांकडे कधी निरखून पाहिले नव्हते. एकदा फरशीवर वाजवूनही पाहिली. बिरूला कदाचित कळले असते. मला कळले नाही.

माझ्या टेबलाच्या उजव्या खणात ती जोडवी आणि बिरूच्या वडसाची बाटली आहे.